सर्जेरावांच्या नाकानं निवडलेली बाग

आमच्या कारभाऱ्यांना वास येत नाही, हे अख्ख्या उत्रोलीत मला एकटीला ठाऊक होतं.

एके काळी त्यांच्या नाकाचा दरारा होता. तुपात भेसळ आहे का, तंबाखू जुनी आहे का, हे विचारायला नसरापूरहून माणसं यायची. पुढं तपकिरीचं वेड लागलं. वीस वर्षं चिमटी-चिमटीनं कोंबल्यावर नाक तरी काय करणार? एकदा माझी खीर लागली, करपल्याचा वास रस्त्यापर्यंत गेला, आणि हे वाटी चाटून म्हणाले, "वेलची झ्याक घातलीस." त्या दिवशी मी ओळखलं. बोलले मात्र नाही. हेही बोलले नाहीत. गावात यांना मान होता तो नाकाचा. ते गेल्याचं कळलं असतं तर हा माणूस पुन्हा पारावर बसला नसता.

त्यात सदुसष्ट साली देवळापुढं बाग करायचं ठरलं. सरपंच बाजीराव म्हणाले, "झाडं वासाचीच पायजेत. सर्जेराव निवडत्याल." यांनी मिशीवरून हात फिरवला.

ठरल्या दिवशी भोरचा नजीर रोपवाला बैलगाडीतून झाडं घेऊन आला. पत्र्याच्या डब्यांत वाढवलेली, फुलावर आलेली वीसेक झाडं त्यानं देवळापुढं मांडली. सगळा गाव भोवती जमला. नजीर म्हणाला, "घ्या सर्जेराव, हुंगून बगा."

हे वाकले तोच देवळाचे गुरव, गेनबा, ओरडले, "अवं हुंगू नका! हुंगल्यालं फूल द्येवाला चालतंय व्हय?"

यांना तर देवच पावला. ताठ उभे राहून म्हणाले, "म्या त्येच म्हननार व्हतो. खऱ्या नाकाला हातभर लांबनं कळतं." आणि सगळ्यांत मोठ्या, वाटीएवढ्या लाल गुलाबाकडं बोट दाखवलं. "ह्यो! काय घमघमाट!"

तो गुलाब नुसता बघण्यापुरता, हे नजीरला माहीत. तो काही बोलायच्या आत मी खोकले.

पाहुण्यांपुढं यांची गाडी भलतीकडं निघाली की मी खोकते आणि हे गप्प होतात, ही आमची जुनी पद्धत. बोट जागीच थांबलं. "आसं अडानी मानूस म्हनंल," हे म्हणाले, आणि बोट पुढं सरकलं. पिवळा गुलाब. मी खोकले. पांढरा. पुन्हा खोकले. कडेच्या बारक्या गावठी गुलाबाशी बोट आलं, तशी मी गप्प बसले.

"ह्यो घ्या!"

"वा!" नजीर म्हणाला. "गुलकंदाचा गुलाब हाय त्यो." लोकांनी माना डोलावल्या. मग असाच अनंत निवडला, जाई निवडली, निशिगंध निवडला. तगर आणि जास्वंद मी खोकून बाजूला सारली.

शेवटी राहिला मोगरा. दोन वर्षं मी परसात मोगरा लावू म्हणत होते, आणि हे म्हणायचे, "मोगरा काय भाकरीसंगं खायचाय? मिरच्या लाव." असा मोका पुन्हा कधी येणार! मी खोकले. हे गोंधळले. मोगऱ्याला वास असतो हे यांनाही ठाऊक होतं. मी आमच्या घराकडं बघितलं, मग यांच्याकडं बघितलं, आणि आणखी जोरात खोकले.

"एक... एक आमच्या परसात लावू," हे म्हणाले. मी खोकले. "दोन लावू!"

"वैनीस्नी अडुळशाचा काढा द्या," गेनबा कळवळून म्हणाले.

"देतो घरी गेल्यावर," हे दात खात म्हणाले.

चैत्र आला तोवर देवळापुढं गावठी गुलाबाचा असा दरवळ सुटला होता, की यांच्या नाकाचं कौतुक पार वेल्ह्यापर्यंत पोचलं. हे ऐटीत फिरायचे. मीही मनात हसून घ्यायचे.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. हे परसातून आले, ओंजळीत मोगऱ्याची पाच-सहा फुलं. चुलीपाशी बसले आणि खाली बघत म्हणाले, "सरू, वास कसा येतोय गं ह्येंचा?"

चेष्टा तोंडावर आली होती, ती तिथंच राहिली. इतकी तोंडाळ मी, पण मला सांगता येईना. फार वाईट वाटलं. शेवटी म्हटलं, "लग्नात माज्या अंबाड्यात व्हता, त्योच."

यांनी फुलं नाकाशी नेली. डोळे मिटले. मग हसले.

"मंग येतोय की मला," म्हणाले.

आणि मी इतकी वर्षं समजत होते, की लग्नात या माणसानं माझ्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं.