साखळीपलीकडे

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. चिखलीतल्या एका धान्याच्या गोदामाच्या फाटकात, गुडघाभर उंचीवर टांगलेली. पूर्वी मी एका मालवाहू जहाजाच्या पुढच्या टोकाला होते. नांगराचा सगळा भार माझ्यावर असे.

त्या जहाजावर कप्तानाच्या माराने मी माणसांचे दात पडलेले पाहिले. तेव्हा म्हातारे खलाशी युरोपातला शेकडो वर्षांपूर्वीचा दर्यावर्दी कायदा सांगत. कप्तानाने मारले तर खलाशाने पहिला फटका सोसावा. तो पुन्हा मारू लागला तर पळून पुढच्या टोकाच्या साखळीपलीकडे जावे. कप्तान साखळी ओलांडून आलाच, तर सोबत्यांना साक्षी ठेवून खलाशाने हात उचलावा. तो गुन्हा नाही. तो कायदा कधीच पुस्तकात जाऊन बसला होता, तरी ऐकताना मी फुगून जायचे.

जहाज मोडीत निघाले. फाटकावरचे राखणदार निवृत्तीकाका एकेकाळचे खलाशी. त्यांनीच मला भंगारातून ओळखून आणले. चहाच्या वेळी ते हमालांना हाच कायदा रंगवून सांगत.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात कारभारी नावाच्या हमालाच्या पाठीवरून पोते पडून फुटले. मुकादम माणिकराव पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन धावला. कारभारी अंगाने पैलवान, पण तो हात खाली सोडून उभा राहिला. आकडा कानशिलावर बसला. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरले. आकडा पुन्हा उगारलेला दिसताच तो पळाला आणि माझ्यावरून उडी मारून पलीकडे गेला.

"मुकादम, साखळी वलांडू नका," तो म्हणाला.

माणिकराव हसत ओलांडून आला. निवृत्तीकाकांनी हमालांना हाक दिली, "पाहून ठेवा बे, साखळी यानंच वलांडली." कारभारीने आकडा हिसकावून त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पोलीस आले. कारभारी तुरुंगात जाणार, असेच सगळे धरून चालले होते. पण अकरा हमालांनी पाहिले ते सांगितले आणि तो सुटला. मी तर हवेतच होते.

तो दवाखान्यातून परतला, तेव्हा काकांनी विचारले, पहिल्याच फटक्याला मुकादमाचा हात का नाही धरलास? त्यांना दोनदा विचारावे लागले. कारभारीचा डावा कान कायमचा गेला होता.

"मले वाटलं, पयला फटका सोसाच लागते. तुमीच तं सांगतलं होतं."

मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, माझा गंज काढा, मला तेल लावा, असे मी मागणार नाही. ज्या कायद्याचा मी एवढा तोरा मिरवला, त्यात पहिला फटका मारणाऱ्याला माफ होता. तुम्ही तो कुणालाही सोसू देऊ नका.