हेझलमीडची शेवटची निवडणूक

नकुलशी लग्न करून मी पुण्याहून इंग्लंडला आले, ते २००३ साली. मला नोकरी ब्रॅकनेलला मिळाली. रोजचा प्रवास लांबचा होता, पण सासरे जाऊन वर्षच झालं होतं आणि सासूबाई घरात एकट्या होत्या, म्हणून आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. घर लंडनच्या उत्तर टोकाला, एजवेअरच्या पलीकडे, हेझलमीडमध्ये.

सासूबाईंचं नाव यमुना कर्णिक. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. मूळच्या नागपूरच्या. मोजकं बोलायच्या, पण बुधवारी डोरीनबाई आल्या की घरात हसण्याचा आवाज यायचा. डोरीनबाई हाय स्ट्रीटच्या पलीकडे राहायच्या. चहाबरोबर दोघी राजकारणावर इतक्या भांडायच्या, की पहिल्यांदा मी घाबरून स्वयंपाकघरातून डोकावले. नकुल म्हणाला, “काही नाही गं. आई लेबर आहे, डोरीन कॉन्झर्वेटिव्ह आहे. हे भांडण मी जन्मलो तेव्हापासून चालू आहे.”

त्यांची ओळख कशी झाली ते सासूबाईंनीच मला एकदा इस्त्री करता करता सांगितलं. १९७४चा फेब्रुवारी. त्या आदल्या उन्हाळ्यात नागपूरहून आल्या होत्या आणि घरी मतदानाचं कार्ड आलं होतं. भारत कॉमनवेल्थमधला, म्हणून भारताचा पासपोर्ट असलेल्यालाही इथे मत देता येतं, हे त्यांना खरंच वाटेना. तरी शाळेतल्या मतदान केंद्रावर गेल्या. मत देऊन बाहेर आल्या, तर दाराशी निळा बिल्ला लावलेली एक तरुण बाई खुर्ची टाकून बसली होती. तिने नंबर विचारला. सासूबाईंनी घाबरून पर्समधून पासपोर्ट काढून तिच्यापुढे धरला.

इथे प्रत्येक पक्षाचं माणूस असं दाराशी बसतं आणि येणाऱ्यांना मतदार क्रमांक विचारतं. आपले कोण मतदार अजून आलेले नाहीत ते कळलं, की संध्याकाळी त्यांच्या घरी आठवण करायला जाता येतं. पण हे सासूबाईंना कुठून माहीत असणार? डोरीनबाईंनी पासपोर्ट हळूच परत दिला, थर्मासमधला चहा ओतला आणि बाजूला सरकून बसायला जागा केली.

“अख्ख्या देशात मला पहिल्यांदा कोणीतरी बस म्हणालं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली. तोवर लॅबमधल्या मैत्रिणीमुळे सासूबाई लेबरच्या झाल्या होत्या. त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला लाल बिल्ला लावून त्या जाऊन बसल्या. डोरीनबाई म्हणाल्या, “म्हणजे माझा चहा पिऊन तू तिकडे गेलीस.” तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला दोघी तिथे. मुलं झाली, नवरे गेले, खासदार बदलले. त्या दोन खुर्च्या मात्र तिथेच असायच्या.

२००४मध्ये बातमी आली की हेझलमीड मतदारसंघ रद्द होणार. लोकसंख्या पाहून इथे अधूनमधून सीमा नव्याने आखतात. नवी रेघ बरोबर हाय स्ट्रीटवरून जात होती. आमची बाजू एका मतदारसंघात, डोरीनबाईंची दुसऱ्या. हेझलमीड हे नाव कुठेच राहणार नव्हतं. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष खूश होते. एक जागा यांना पक्की, दुसरी त्यांना. त्यामुळे हरकत घेणारं कोणीच नव्हतं.

त्या रात्री सासूबाई नीट जेवल्या नाहीत. नकुल समजावायला गेला. त्याचं मराठी इथल्या शाळेत वाढलेलं. म्हणाला, “आई, फक्त एक नाव जाणार. आपला घर तर इथेच राहतो ना?” सासूबाई ताट उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोट चढवून डोरीनबाईंकडे गेल्या. परत आल्या तेव्हा दोघींचं ठरलं होतं. टाउन हॉलमध्ये जाहीर सुनावणी होती, तिथे कोणीही बोलू शकत होतं. तिथे जाऊन बोलायचं, आपापल्या पक्षाला न विचारता.

मी रजा काढली आणि दोघींना गाडीतून घेऊन गेले. हॉलमध्ये माणसं थोडी, खुर्च्याच जास्त. पुढे टेबलाशी सुनावणी घेणारे एक वकील बसले होते, सभ्य आणि थोडे थकलेले.

आधी डोरीनबाई उठल्या. त्या म्हणाल्या, हेझलमीड मतदारसंघ दुसरं महायुद्ध संपताना झाला. त्याआधी इथे स्टेशनापर्यंत गाईंची कुरणं होती, मग घरांच्या रांगा आल्या. पहिल्या निवडणुकीचा निकाल याच इमारतीच्या पायऱ्यांवर वाचला, तेव्हा त्या वडिलांच्या खांद्यावर बसल्या होत्या. युद्धावरून परतलेले वडील निकाल ऐकून रडले होते. आनंदाने की दुःखाने, ते त्यांनी मुलीला कधी सांगितलं नाही. मग डोरीनबाईंनी त्या खासदारांची आठवण सांगितली, जे शुक्रवारी फिश अँड चिप्सच्या दुकानात बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचे आणि ज्यांच्या पत्रांना तेलाचा वास यायचा. हॉलमध्ये हसू पसरलं. वकीलही हसले.

मग सासूबाई. त्यांनी आयुष्यात कधी सभेत भाषण केलं नव्हतं. हातातला कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला. म्हणाल्या की माझ्या पत्त्यात लंडन आहे, पासपोर्ट आता ब्रिटनचा आहे, पण तुम्ही कुठल्या असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून हेझलमीडच येतं. मला मतदार म्हणून पहिल्यांदा ओळखलं ते या नावाने.

वकिलांनी पुढचे कागद चाळले आणि सौम्यपणे विचारलं, “मॅडम, तुमचा पक्ष तर या बदलाच्या बाजूने आहे. तुमच्या मैत्रिणीचाही. मग तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय?”

“आमच्या दोघींच्या,” सासूबाई म्हणाल्या. “तीस वर्षं आम्ही एकमेकींना हरवायला शेजारी बसलोय. नव्या नकाशात ती मला हरवू शकणार नाही आणि मी तिला. मग आम्ही बसायचं कशाला?”

वकिलांनी ते लिहून घेतलं. मनापासून लिहून घेतलं, असं मला वाटलं.

पण निर्णय बदलला नाही. पुढे अहवाल आला, त्यात स्थानिक भावनांची नोंद घेतल्याचं एक वाक्य होतं आणि खाली आकडे होते. सासूबाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. पक्षाच्या सेक्रेटरीचा फोन आला, तो बराच वेळ नाराजीने बोलला. सासूबाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, की पत्रकं वाटायला मी नेहमीसारखी येईन.

नवी रेघ लागू होण्याआधी एक निवडणूक बाकी होती. मे २००५. माझंही कार्ड आलं. मी म्हटलं, “अहो आई, मी तर व्हिसावर आहे.”

“मी पण परकीच होते,” त्या म्हणाल्या. “मतदार यादीचा तुझा फॉर्म मी कधीच भरायला लावला होता, आठवतंय का? सही कर म्हटलं होतं ते तेच.”

शाळेच्या दाराशी ऊन होतं. दोघी आपापल्या बाजूला. त्या दिवशी लोक मत देऊन लगेच जात नव्हते. कोणी हेझलमीड लिहिलेल्या पाटीचा फोटो काढत होतं, कोणी जुन्या निवडणुकांचं बोलत होतं. मी बाहेर आले तेव्हा दोघींनी एकदम नंबर विचारला. मी दोघींनाही सांगितला. मत कोणाला दिलं ते मात्र घरीसुद्धा सांगितलं नाही, आणि सासूबाईंनी विचारलंही नाही.

त्यानंतर मतदान केंद्रांचीही वाटणी झाली. आम्हाला लायब्ररी मिळाली, शाळा डोरीनबाईंकडे गेली. २००९च्या जूनमध्ये युरोपियन संसदेची निवडणूक होती. डोरीनबाईंचं कमरेचं ऑपरेशन झालं होतं, तरी त्या हट्टाने बसायला गेल्या. सासूबाईंनी लायब्ररीत मत दिलं आणि मला म्हणाल्या, “मला शाळेपाशी सोड.” बिल्ला त्यांनी लावला नव्हता.

त्या जाऊन डोरीनबाईंच्या शेजारी बसल्या. तिसऱ्या कुठल्याशा पक्षाची एक बाई तिथे आली होती. ही कोणाची, असं तिने विचारलं.

“ही?” डोरीनबाई म्हणाल्या. “ही माझी विरोधी पक्ष आहे.”

सासूबाईंनी पिशवीतून शेवेचा डबा काढला, त्या बाईपुढेही धरला आणि मला हाताने जा जा केलं, कारण मला कामावर उशीर होत होता.