बाबांचा उजवा पाय

बाबांनी उभा जन्म बस चालवली. ते निवृत्त झाले, त्यांचा उजवा पाय मात्र झाला नाही. गाडी कुणीही चालवो, शेजारी बसलेले बाबा प्रत्येक वळणाला पाय दाबून ब्रेक मारणार म्हणजे मारणार. जावयाच्या गाडीतल्या चटईला त्यांनी भोक पाडलं होतं. लेक विमान चालवायला शिकली, तेव्हा तिच्या मनात एकच हौस होती: एकदा तरी बाबांनी आपल्या शेजारी पाय स्वस्थ ठेवून बसावं.

बाबांचा नन्नाचा पाढा दोन वर्षं चालला. शेवटी एका लख्ख सकाळी ते तिच्या फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानात चढले.

"पायाशी पेडल आहेत ना, ती खरीखुरी आहेत," तिने बजावलं. "उतरताना तुमचा पाय पडला तर विमान भलतीकडे जाईल."

"मला शिकवतेस?" म्हणत बाबांनी पाय मागे घेतले आणि विमान सुटताच रिकाम्या जागेवर दाबलेच.

परतीच्या वाटेवर विमानातली वीज गेली. दिवे विझले, रेडिओ मुका झाला.

"इंजिन चालू राहील," ती म्हणाली. "पण चाकं विजेवर खाली येतात. आता हाताने आणावी लागतील. तुमच्यामागे हँडल आहे, ते फिरवा. पार अडेपर्यंत."

बाबांना काम मिळालं! शर्टाच्या बाह्या सारून, वळून, ते घामाघूम होईतो फिरवत राहिले.

"लागलं?"

"घट्ट लागलं."

चाकं पक्की बसल्याची खात्री देणारा दिवा विजेबरोबरच गेलेला. चाक पक्कं बसलं नसेल तर टेकताच दुमडणार, आणि त्यात बाबांचा पाय पेडलवर पडला तर संपलंच. हे तिने त्यांना सांगितलंही. मग त्यांच्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

विमान अलगद टेकलं. मग डावं चाक दुमडलं. पंख घासला, ठिणग्या उडाल्या, विमानाने एक गिरकी घेतली आणि गवतात जाऊन ते मुकाट बसलं. तिने इंधन बंद केलं आणि शेजारी पाहिलं. बाबा पट्ट्यात जखडलेले, दोन्ही पाय वर घेऊन, पंगतीला बसावं तसे मांडी घालून बसले होते. तिला हसूच फुटलं. दोघं हसतच बाहेर पडले. धावत आलेल्या लोकांना वाटलं, यांच्या डोक्याला मार लागलाय.

क्लबच्या मेकॅनिकने विमान उचलून हँडल फिरवून पाहिलं. ते आणखी तीन वेळा फिरलं.

"जड झालं तेव्हा थांबलो," बाबा ओशाळून म्हणाले. "नट घट्ट झाला की जोर करायचा नाही, आटे जातात. चूक माझी, लिहा तसं."

"तुमची कशी? मीच नीट सांगायला हवं होतं," लेक म्हणाली. त्यावरून दोघांची जुंपली, ती जावई गाडी घेऊन येईपर्यंत.

घरी निघाले. बाबा पुढे जावयाशेजारी, ती मागे. पहिल्याच वळणावर बाबांचा उजवा पाय चटईच्या भोकात गेला.

"बाबा!" ती ओरडली. "तिकडे विमान गरगर फिरत होतं, तेव्हा मांडी घालून बसलात, आणि इथे?"

"तिथे तू चालवत होतीस ना," बाबा म्हणाले आणि त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला.

जावई बिचारा आरशात बघत राहिला. ती मागे बसून हसत होती, आणि डोळे पुसत होती.