पाठकोरा

धाकटीने पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते उडून जाईल की काय अशा धास्तीने त्यावर पंजा दाबून उभी राहिली.

"आधी सांग, ताई. गाठी आणि वेण्यांची त्रिदिवसीय परिषद म्हणजे काय असतं?"

बाईंनी चष्मा पुसला. मग पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"का गं?"

"कारण ती माझ्या लॉजवर आहे म्हणे. पुढच्या महिन्यात. दोघांनी फोन करून खोल्या मागितल्या, मी दिल्यासुद्धा. म्हटलं, केशरचना करणाऱ्या बायकांचं काहीतरी असेल. तर त्यातला एक बुवा निघाला. आणि आज हे पाकीट. वर लिहिलंय, ‘आयोजक, गाठी आणि वेण्यांची परिषद’. कालव्याच्या रस्त्यावर लॉज चालवण्यात जन्म गेला माझा, पण मला कुणी आयोजक म्हटलेलं नाही."

बाई म्हणजे गणित विभागाच्या हेडक्लार्क. टोपॉलॉजी नावाच्या विषयाच्या जगात जेवढ्या म्हणून परिषदा भरणार असत, त्यांची यादी गेली बावीस वर्षं त्या विभागाच्या संकेतस्थळावर ठेवत होत्या. विषयातलं त्यांना एवढंच कळे की या मंडळींना वस्तू ताणली, चेपली, पिळली तरी चालते, फाडलेली मात्र खपत नाही. त्यांच्या लेखी पायमोजा आणि ताटली एकच. बाही तेवढी वेगळी, कारण बाहीतून हात पलीकडे निघतो. विषय कळत नसला तरी यादी कळत होती. बावीस वर्षांत एक परिषद सुटली नव्हती, एक तारीख चुकली नव्हती. एका परिषदेचे आयोजक स्वतःचीच तारीख विसरले तेव्हा त्यांनी बाईंना फोन करून विचारून घेतली, असं विभागात अजून सांगतात, आणि ते खोटं आहे असं बाईंनी कधी सांगितलेलं नाही. स्वतः त्या मात्र यांतल्या एकाही परिषदेला गेल्या नव्हत्या. क्लार्कला कोण बोलावतं?

या सुखात एकच खडा होता. दुसऱ्या एका विद्यापीठाची अशीच यादी होती, आणि ती बाईंच्या यादीवरून जशीच्या तशी उतरवलेली असे. क्रम तोच, शेरे तेच. एकदा बाईंनी एका परिषदेपुढे उगाच ‘जिने फार आहेत’ असं लिहून पाहिलं, तर चार दिवसांत तिकडेही जिने फार झाले. तिथल्या न पाहिलेल्या यादीवाल्याचं नाव बाईंनी कार्बनराव ठेवलं होतं.

त्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून बाईंनी एका शुक्रवारी संध्याकाळी एक परिषद रचली. नाव झकास दिलं. प्रवेश सर्वांना खुला ठेवला. पत्त्याची चौकट रिकामी सोडता येईना, तेव्हा धाकटीच्या लॉजचा पत्ता आणि फोन ठोकून दिला. सोमवारी सकाळी ती नोंद पुसून टाकली. तोवर ती तिकडे उतरलेली होती. मग बाईंनी तिकडच्या कुलसचिवांच्या नावे तक्रारीचं पत्र टाइप केलं, ‘सदर परिषद अस्तित्वात नसून ती मी स्वतः रचलेली आहे,’ सही ठोकली, आणि कागदाची घडी पर्समध्ये ठेवली. उद्या टपालात पडणार होती.

हे सगळं ऐकून धाकटी खुर्चीत बसली.

"म्हणजे तू चोर पकडायला माझ्या दारात पिंजरा लावलास."

"दोन दिवसांसाठी."

"आणि त्यात तीन माणसं आली. आता काय करू? येऊ नका म्हणून कळवू?"

"कळव. रद्द झाली म्हणावं."

असं म्हणत बाईंनी पाकीट फोडलं, आणि अक्षर बघताच त्यांचा हात थांबला. हे तिरकं, डावीकडे कललेलं अक्षर त्यांनी कितीतरी रजेच्या अर्जांवर पाहिलं होतं.

ते सुतळीसर होते. खिशात कायम सुतळीचा तुकडा, म्हणून सुतळीसर. गाठ न सोडता, नुसती मोजदाद करून ती सुटणारी आहे की नाही हे चटकन सांगायची एक रीत ते वर्षानुवर्षं शोधत होते. बोलता बोलता ऑफिसच्या खिडकीशी यायचे, न बघता हात आत घालायचे आणि म्हणायचे, "बाई, एक पाठकोरा द्या." कोरा कागद त्यांना चालत नसे. कोऱ्या कागदाची भीती वाटते म्हणायचे, एका बाजूला कुणाचं तरी काहीतरी लिहिलेलं असलं की बरं असतं. बाई त्यांच्यासाठी पाठकोऱ्यांचा गठ्ठा बाजूला काढून ठेवत. सर निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर तीन वर्षांनी एका मोठ्या सभागृहात त्यांनी आपली रीत मांडायला घेतली, दहाव्या मिनिटाला कुणीतरी चूक काढली, आणि अकराव्या मिनिटाला लोक चहाला निघून गेले. तेव्हापासून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पत्र लहान होतं. सहा वर्षांत सात ठिकाणी लिहिलं, उत्तर कुठूनच आलं नाही. आपल्याकडून नकार आला तरी उत्तराबद्दल आभारी राहीन. वीस मिनिटं पुरतील. त्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: दहाही चालतील.

बाईंनी ते पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तिथे आधीची घडी होतीच. ती टपालात पडली की हसं होणार होतं ते कार्बनरावाचं. पण त्याच्याबरोबर, नसलेल्या परिषदेला निबंध पाठवणारा एक म्हातारा प्राध्यापकही प्रत्येक स्टाफरूममध्ये चहाबरोबर वाटला जाणार होता. बाईंनी पर्सची चेन लावली.

"तुझ्या जेवणाच्या खोलीत फळा मावेल का गं?"

धाकटीने बोटांवर काहीतरी मोजलं.

"टेबलं सरकवली तर मावेल," ती म्हणाली. "पण आयोजक मीच राहणार."

शेकडो परिषदांचे कार्यक्रम वाचून बाईंना परिषदेला काय काय लागतं ते तोंडपाठ होतं. छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या झाल्या. अकराची चहाची सुट्टी झाली. पायऱ्यांवरचा एकत्र फोटो ठरला. विभागातला चाकांचा फळा शिपायांनी टेम्पोतून आणून दिला. विभागातले दोन संशोधक आपखुशीने आले, म्हणजे दोघांचे रजेचे अर्ज बाईंच्या टेबलावर पडून होते. फोनवरून खोली घेतलेल्या एक प्राध्यापिका लांबून आल्या, पायात पळायचे बूट, पाठीवर एकच पिशवी. सुतळीसर पहिल्या बसने आले. अंगात निवृत्तीच्या दिवशीचा कोट होता.

"बाई, तुम्ही इथे?" सरांना मनापासून आनंद झाला. मग आवाज उतरला. "तुमच्या यादीत ही परिषद दिसली नाही हो मला. त्या दुसऱ्या यादीत सापडली. म्हटलं, असं कसं झालं?"

बाईंनी त्यांच्या कोटाला पट्टी लावली. ती सरळ आहे की नाही ते पाहण्यात जरा जास्तच वेळ घेतला.

"माझ्याकडून राहून गेली, सर."

"राहून गेली?" मागून कुणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं तर कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर बावीस वर्षांचं साचलेलं समाधान घेऊन एक गृहस्थ उभे होते. दुसऱ्या विद्यापीठातल्या गणित विभागाचे हेडक्लार्क. फोनवरचे बुवा ते हेच.

"तुमच्याकडून राहिली आणि माझ्याकडे होती," ते म्हणाले. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी थोड्या वेळाने धाकटीलाही सांगितलं.

"तुम्ही कसे आलात?" बाईंनी विचारलं. आपण दातओठ खातोय हे दिसू नये एवढी काळजी घेतली.

"आयुष्यभर परिषदा उतरवल्या," कार्बनराव म्हणाले. "म्हणजे टाइप केल्या. हिच्यापुढे लिहिलं होतं, प्रवेश सर्वांना खुला. मी दोनदा वाचलं. सर्वांना म्हणजे आपल्यालाही, नाही का?"

बाईंनी त्यांच्या हातात पट्टी दिली. ती त्यांनी आरशासमोर जाऊन लावली.

"आणि नोंदी तपासता कधी?" बाईंना राहवलं नाही.

"तुमची यादी चुकत नाही, मग तपासायचं कशाला?" कार्बनराव सरळपणे म्हणाले. असल्या माणसावर रागवायचं म्हणजे कामच होतं.

साडेदहाला सरांनी खडू उचलला. एका हातात सुतळी, दोन्ही टोकं जोडलेली, तिच्यात एक गाठ. दहावं मिनिट आलं तेव्हा बाईंनी घड्याळ पाहिलं. दहावं गेलं. अकरावं गेलं. कुणी उठलं नाही. धाकटी दाराला टेकून, हातात झारा घेऊन ऐकत होती. तिला सांगायला हवं होतं की सभागृहात झारा आणत नाहीत, पण तसा नियम कुठल्याच कार्यक्रमात वाचल्याचं बाईंना आठवेना.

सतराव्या मिनिटाला प्राध्यापिकांनी हात वर केला.

"सर, चौथी आकृती. इथे तुम्ही दोरी वरून पलीकडे नेलीत म्हणता. पण ती वरून नाही गेली. दोरीतूनच गेली."

बाई पायऱ्यांकडच्या दाराकडे बघत राहिल्या. आता खुर्च्या मागे सरकतील. सरांनी सुतळी डोळ्यांजवळ नेली. ती फिरवली, परत फिरवली.

"दोरीतून गेली," ते म्हणाले. "खरं आहे."

मग ते खुर्चीवर बसले आणि हळूच हसायला लागले.

"मागच्या खेपेला दहाव्या मिनिटाला होती चूक. आज सतराव्या."

"फार पुढे नेलंय तुम्ही हे," प्राध्यापिका म्हणाल्या, आणि आपली खुर्ची ओढत फळ्याकडे गेल्या. "डावीकडून नेऊन पाहिलं तर? परिषद तीन दिवस आहे ना?"

"तीन दिवस," धाकटी दारातून ठामपणे म्हणाली. आयोजक तीच होती.

अकराचा चहा तसाच थंड झाला. दोन्ही संशोधक, ज्यांना दुपारी सटकायचं होतं, फळ्यापाशी एकमेकांच्या हातातून सुतळी ओढत होते. फळा भरला. पुसायला कुणी तयार नव्हतं. सरांनी न वळता मागे हात केला.

"बाई, एक पाठकोरा द्या."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळं आणलं होतं. गठ्ठा विभागात राहिला होता. सरांचा हात तसाच हवेत, बोटं उघडी. बाईंनी पर्स उघडली, आतली एक घडी काढली, क्षणभर धरून ठेवली, आणि मग उलगडून, टाइप केलेली बाजू खाली करून, त्या हातात दिली.

जेवणापर्यंत त्या कागदावर गाठीच गाठी झाल्या. डावीकडून नेलेली दोरी कुठपर्यंत जाते ते अजून ठरलं नव्हतं. पायऱ्यांवर फोटो काढायला सगळे बाहेर गेले, कार्बनराव मधोमध उभे राहिले, आणि परत येऊन टेबलावरचे कागद नीट लावायला लागले. त्यांचा हातच तसा होता. गाठींचा कागद उचलताना तो उलटला.

बाई समोरच होत्या. त्यांनी पाहिलं, कार्बनराव वाचत आहेत. पहिला परिच्छेद. दुसरा. सही. मग त्यांनी मान वर करून खोली पाहिली: फळा, झारा, सुतळी, सरांचा खडूने पांढरा झालेला कोट. स्वतःच्या छातीवरची पट्टीही एकदा पाहिली. कागद गाठींची बाजू वर करून सरांच्या हाताशी ठेवला, आणि त्याच्या कडा टेबलाच्या कडेशी जुळवल्या.

थोड्या वेळाने ते बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"पुढच्या वर्षीची तारीख ठरली का?"

"ठरेल."

"तुम्ही आधी टाका," कार्बनराव म्हणाले. "मी मग विचारून उतरवून घेईन."

बाईंनी त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

"सोमवारी टाकते. दहाच्या आत."

कार्बनरावांनी बिस्कीट घेतलं. खाल्लं नाही.

"जिने फार आहेत, असं लिहायचं का?"

"इथे कुठले जिने? पुढच्या तीन पायऱ्या तेवढ्या."

कार्बनरावांनी मान हलवली. बिस्कीट बशीत ठेवलं, उठले आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांना थोडी धाप लागली होती.

"चार आहेत, बाई."

"नक्की?"

"उतरताना मोजल्या. चढतानाही मोजल्या."

नोंद करून ठेवावी म्हणून बाईंनी पेन उघडलं आणि कागद शोधू लागल्या. कागद सरांच्या हाताखाली होता, आणि त्यावर आता तेवढीही जागा उरली नव्हती.