चौकटीचा कोपरा

बातमी आली तेव्हा माझ्याखाली एका बसचालकाची दाढ होती. सकाळ नेहमीसारखीच होती. बाहेरच्या बाकावर दोन माणसं गाल धरून बसली होती आणि आमचे डॉक्टर माझ्या भिंगांना डोळे लावून दाढेच्या तळाशी मुळाची नळी शोधत होते. फोन वाजला. हातमोजे काढायला नकोत म्हणून मदतनीस बाईंनी तो त्यांच्या कानाशी धरला.

कान-नाक-घशाचे डॉक्टर बोलत होते. ‘तुमच्या बहिणीच्या जिभेचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. बराच आत गेलाय.’

‘कुठली बाजू?’

‘डावी कड. खालच्या दाढेला लागून. तुम्ही पाहिलं असेलच की.’

‘हो,’ आमचे डॉक्टर म्हणाले. ‘बरोबर.’

डोळे त्यांनी माझ्यावरून उचलले नाहीत. नळी सापडली, ती साफ झाली, दाढ बंद झाली. बसचालकाला त्यांनी आज त्या बाजूनं चावू नका म्हणून सांगितलं. तो गेल्यावर ते त्याच खुर्चीच्या काठावर टेकले आणि हातमोजे तसेच ठेवून स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिले.

मी त्या खोलीतला मायक्रोस्कोप बोलतोय. दातांच्या दवाखान्यातला, छताला टांगलेला, लांब हाताचा. भिंगं घासण्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथं मला एकच काम शिकवलं, लहान आहे ते मोठं करून दाखवायचं. ते करताना आणखी एक गोष्ट आपोआप होते, ती विकणारा सांगत नाही. मी जितकं मोठं दाखवतो, तितकं माझं वर्तुळ लहान होत जातं. दाढेतली केसाएवढी भेग मी गटारासारखी दाखवतो. त्या वेळी शेजारची दाढसुद्धा माझ्यासाठी जगात नसते.

मी आलो तेव्हा डॉक्टरांनी मला हळद लागलेल्या नवऱ्याच्या कौतुकानं पाहिलं. माझ्या शेजारी लेसरचं यंत्र आलं, पलीकडच्या खोलीत जबड्याचा स्कॅन काढणारं यंत्र आलं. त्या स्कॅनमध्ये हाड आणि दात सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतात. जीभ मात्र त्यात ढगासारखी दिसते, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही.

आमच्या आधी डॉक्टरांची एक सवय होती, असं मदतनीस बाई सांगतात. कोणीही आलं की ते कापसाच्या जाळीत जिभेचं टोक धरून ती दोन्ही बाजूंना ओढून बघायचे, मग गाल, मग जिभेखाली. पेशंट ओकारी काढायचे, हसायचे. आम्ही आल्यावर पद्धत बदलली. आता बाई पेशंटला आडवं करतात, सुई टोचल्यावर तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणतात आणि त्याच्या भोकातून एकच दाढ वर काढतात. मग डॉक्टर येतात आणि थेट माझ्यावर डोळे ठेवतात. तोंड त्यांना दिसतच नाही. पडद्याखाली बोलता येत नाही म्हणून पेशंटला आधीच सांगून ठेवतात, दुखलं तर डावा हात वर करा. हात वर झाला की आणखी एक सुई. त्या हाताचा आमच्याकडे दुसरा अर्थच नाही.

डॉक्टरांची थोरली बहीण, ताई, कापडाच्या दुकानात बोलून बोलून गिऱ्हाईक गार करायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच दुकान सांभाळून याला शिकवलं. याला ती बारक्या म्हणायची, दवाखान्यात, सगळ्यांदेखत.

‘बारक्या, ही दाढ जिभेला लागते रे. फोड आलाय.’

‘बघू.’ त्यांनी दाढेचा कोपरा घासला, लेसरनं फोड जाळला. रक्ताचा थेंब नाही. ‘झालं. पुन्हा येणार नाही.’

‘तू शाळेतही असंच म्हणायचास. निकालानंतर.’

मदतनीस बाई तोंड वळवून हसल्या.

फोड पुन्हा आला, त्याच जागी. पुन्हा लेसर. लेसरनं वरची कातडी जाते आणि दुखणं थांबतं. खाली काय आहे ते कापून तपासायला पाठवायचं असतं, हे डॉक्टरांनी शिकताना पाठ केलेलं होतं. पण बहिणीच्या जिभेचा तुकडा काढायला त्यांचा हात धजला नाही. की त्यांना ते सुचलंच नाही, हे मला ठाऊक नाही. माझं वर्तुळ डोक्याच्या आत पोचत नाही.

मग दाढच ठणकू लागली. ताई आली, आडवी झाली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘हा तुझा लाडका. माझ्या तोंडाकडे बघायला तुला याची परवानगी लागते का रे?’

‘ताई, बोलू नकोस. पडदा लावायचाय.’

डॉक्टरांनी माझा कॅमेरा सुरू केला, मग पडदा लागला. काम रंगलं. खालच्या दाढेत सहसा न सापडणारी एक बारीकशी नळी त्यांना दिसली. ते इतके खूश झाले की मोठ्यानं बोलू लागले. त्याच वेळी ताईचा डावा हात वर आला. पडद्याखालून तिचा आवाज येत होता, नुसता हुंकार.

‘दुखतंय?’

तिनं मान हलवली. नाही.

‘हलू नकोस गं, फोकस जातो.’ त्यांनी आणखी एक सुई दिली. जीभ, ओठ, हनुवटी, सगळं बधिर झालं. हात पुन्हा वर आला. मदतनीस बाईंनी तो हलकेच पोटावर ठेवला आणि वरून थोपटला. मग तो आला नाही.

ते चित्रण डॉक्टरांनी दंतवैद्यांच्या परिषदेत दाखवलं. भिंतभर पडद्यावर. परत आले ते उड्या मारत. ‘सगळे उभे राहिले, बाई! लोक विचारत होते, ही नळी दिसली तरी कशी!’

इकडे ताईचा कान दुखू लागला. दात तर भावानं बघितलाय, म्हणून ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक टॉर्च आणि एक लाकडी पट्टी घेतली. बाकी तुम्हाला माहीत आहे.

फोन आला त्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरांनी ते चित्रण पुन्हा लावलं. सुरुवातीचे काही क्षण रबराचा पडदा लागायच्या आधीचे आहेत. मधे दाढ, आणि चौकटीच्या कोपऱ्यात जिभेची कड. तिच्यावर पांढरट, खडबडीत, काठ उचललेला डाग. परिषदेत तो हाताएवढा दिसला असणार. सभागृहभर तोंडं तपासणारी माणसं होती आणि प्रत्येकजण दाढेत बघत होता. डॉक्टरांनी चित्र थांबवलं. मग पुढे सोडलं. पुन्हा मागे आणलं. मदतनीस बाई दारात उभ्या होत्या.

‘सर, मी पडदा लावताना पाहिलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं, तुम्ही जाळलेलं आहे त्याचाच व्रण असेल.’

त्यांनी चित्रण बंद केलं.

ताईची अर्धी जीभ काढली. ती अजून रुग्णालयात होती तेव्हा दुसऱ्या परिषदेचं बोलावणं आलं. डॉक्टरांनी तेच चित्रण घेतलं आणि चौकट थोडी आत ओढली. कोपरा गेला. आता नुसती दाढ दिसते, फार स्वच्छ. लोक याही वेळी उभे राहिले का, ते त्यांनी आल्यावर सांगितलं नाही.

किरणांचे उपचार संपल्यावर ताई एकदा आली. त्या दाढेवरची टोपी बनून खणात पडली होती, ती बसवायची होती. पण जबडा आखडला होता.

‘जरा मोठं उघड, ताई.’

तिनं प्रयत्न केला. बोटसुद्धा नीट आत जाईना. डॉक्टरांनी सवयीनं मला खाली ओढलं, मग दूर ढकललं. ताई माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

‘काय?’

ती पुन्हा म्हणाली.

‘काय गं?’

तिसऱ्यांदा ती सावकाश म्हणाली, तोंड पुसून, एकेक अक्षर सोडवत. डॉक्टर हसले. ‘हो, हो. बरोबर.’

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. समोरच्याला आपलं बोलणं पोचलं की नाही हे ओळखण्यात तिचा जन्म गेला होता. मग ती उतरली, पिशवी घेतली आणि गेली. पुढच्या थंडीत ती वारली. दुकानाला कुलूप आहे. टोपी खणातच आहे.

मी अजून कामात आहे. हल्ली डॉक्टर आधी जाळी घेऊन प्रत्येकाची जीभ ओढून बघतात, इतक्या जोरात की एक शिक्षिका परवा ओरडली. मला त्यात समाधान नाही आणि दुःखही नाही, मी काच आहे. माझ्याखाली झोपणाऱ्यांना एवढंच सांगतो, पडदा लागायच्या आधी बोलून घ्या. आणि वर केलेला हात कोणी खाली ठेवला तरी पुन्हा वर करा, पुन्हा करा.

कधीकधी दवाखाना रिकामा असताना डॉक्टर ते जुनं चित्रण लावतात, न कापलेलं. त्यात त्यांचा आनंदाचा आवाज आहे, आणि त्याखाली ताईचा हुंकार. ते आवाज वाढवतात, कान पुढे करतात. शब्द काही लागत नाहीत.

तिनं हात कशासाठी वर केला होता, हे तिला विचारायचं राहून गेलं.