रिक्षातले मुनाफभाई

पहिली दोन वाक्यं मुनाफभाई आतार नेहमीच्या सुरात बोलून गेले. तिसऱ्याला अडखळले, चष्मा वर सरकवला आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

समोर स्टुलावर श्यामराव बसले होते. स्टुडिओ त्यांचाच, शुक्रवार पेठेत एका जिन्याखाली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेला. रेकॉर्डिंगच्या आधी सगळा मजकूर समोरच्या माणसाकडे बघून एकदा बोलायचा, ही मुनाफभाईंची पद्धत. माइकला सांगितलेलं माइकपुरतंच राहतं, माणसाला सांगावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि तो माणूस वर्षानुवर्षं श्यामरावच होते. पाणी कधी बंद राहणार, साड्यांचा सेल कुठे लागला, विसर्जनाच्या दिवशी कुठला रस्ता वळवला, सगळं रिक्षांच्या भोंग्यांवरून फिरायच्या आत त्यांनी शहराच्या आधी ऐकलेलं. एकदा तर सेलचा मजकूर ऐकून ते खरंच उठून बायकोसाठी साडी घेऊन आले होते.

आजचा मजकूर महापालिकेच्या निवडणुकीचा होता. उमेदवाराच्या प्रचाराचं काम बघणारा अभिनव तो स्वतः घेऊन आला होता. खराडीत आयटीत नोकरी, तिशीचं वय, बोलायला गोड. कागदावर लिहिलं होतं, 'आपला प्रभाग आपल्याच माणसांचा राहू द्या. त्यांना घर विकू नका. त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका.' त्यांना म्हणजे कुणाला, ते लिहिलेलं नव्हतं. तशी गरजही नव्हती.

मुनाफभाईंनी श्यामरावांकडे बघत पुन्हा सुरुवात केली. 'त्यांना घर' इथपर्यंत आले. श्यामराव खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"काका, हे तुमच्याबद्दल नाहीये," अभिनव म्हणाला. "तुम्ही तर आपलेच. तुमच्याइतकं शुद्ध मराठी आमच्या अख्ख्या टीममध्ये कुणाचं नाही."

तो हे मनापासून बोलत होता. मुनाफभाईंनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"श्यामकडे बघून मला हे म्हणता येत नाही," ते म्हणाले. "कुणाकडेच बघून येणार नाही. तुम्ही दुसरा कुणी बघा."

अभिनवनं अजिबात वाद घातला नाही. नो प्रॉब्लेम म्हणाला, पायाला हात लावून नमस्कारही केला. मुलगा समजूतदार निघाला म्हणून मुनाफभाईंना घरी जाताना बरंच वाटलं.

आजवर त्यांनी कुठल्याच पक्षाला नाही म्हटलेलं नव्हतं. चौकात दोन उमेदवारांच्या रिक्षा समोरासमोर आल्या की एका रिक्षातले मुनाफभाई दुसऱ्या रिक्षातल्या मुनाफभाईंना पाडायचं आवाहन करत आणि लोक हसत. त्यांची बायको हमीदा विचारायची, यंदा कुठले तुम्ही निवडून येणार? ती गेल्यापासून घोरपडी पेठेतल्या दोन खोल्यांत विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. मुलगी तरन्नुम सोलापूरला दिलेली. दिवसभरात तोंड उघडायचं ते भाजीवाल्यापाशी आणि स्टुडिओत. त्यामुळे रेकॉर्डिंग असलं की त्यांना सणासारखं वाटायचं.

पुढच्याच आठवड्यात ते आरशासमोर दाढी करत होते आणि गल्लीतून त्यांचा स्वतःचा आवाज आला. 'त्यांना घर विकू नका.'

अर्धा साबण गालावर तसाच ठेवून ते गॅलरीत आले. झेंडे लावलेली रिक्षा खालून सावकाश चालली होती. आवाज त्यांचाच होता. 'प्रभाग' म्हणताना 'भा'वर किंचित रेंगाळायची लकबसुद्धा त्यांचीच. समोर फळांच्या दुकानात इस्माईल बागवान पेरूंवर पाणी मारत होते. त्यांनी मान वर करून गॅलरीकडे बघितलं, मग पाठ फिरवली. मुनाफभाईंना ती पाठ फार लागली.

मुनाफभाई तडक स्टुडिओत गेले, तेव्हा श्यामरावांनी लपवाछपवी केली नाही. जुनी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरला ऐकवली की त्याच आवाजात तो हवं ते बोलतो म्हणे. अभिनवनं रेकॉर्डिंग मागितली, श्यामरावांनी दिली. नाही म्हटलं असतं तर निवडणुकीचं सगळं काम दुसरीकडे गेलं असतं.

"मला तरी कुठे माहीत होतं, इतकं हुबेहूब होईल म्हणून," ते म्हणाले.

पोलीस चौकीत तर वेगळीच तऱ्हा. आवाज तुमचाच आहे ना, हवालदारानं विचारलं. हो, मुनाफभाई म्हणाले. मग चोरीला काय गेलं, असं विचारून त्यानं त्यांना निवडणुकीनंतर यायला सांगितलं.

संध्याकाळी तरन्नुमचा फोन आला. कुणीतरी ती क्लिप तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवली होती. हे तुम्हीच का, तिनं विचारलं. नाही, ते म्हणाले. त्यानंतर ती जराशी थांबली आणि मग म्हणाली, बरं. बाकी जगाचं एक वेळ समजू शकत होतं, पण पोरीला थांबून विचार करावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा श्यामरावांकडे गेले. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीच्या दाराशी ये, असं म्हणाले. मी बोललो नाही, एवढंच चारचौघांत सांग. तू हिंदू, स्टुडिओ तुझा, तुझं ऐकतील. श्यामरावांनी त्यांचा हात हातात घेतला. "येतो. एवढं तरी करायलाच हवं."

शुक्रवारी मुनाफभाईंनी इस्माईलना आणि आणखी काही जणांना थांबवून घेतलं. एक माणूस येतोय, त्याचं ऐका, म्हणाले. मंडळी पायरीवर थांबली. कुणी घड्याळ बघितलं, कुणी खोकलं. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे श्यामरावांची करडी स्कूटर दिसली. ते आले होते. इंजिन चालूच, हेल्मेट डोक्यावर. त्यांनी इकडच्या टोप्यांच्या गर्दीकडे बघितलं. मुनाफभाईंनी हात वर केला. श्यामराव थोडा वेळ तसेच थांबले, मग स्कूटर वळवून निघून गेले.

इतकी वर्षं हा माणूस ईदला घरी येऊन दोनदा शीरखुर्मा मागून घ्यायचा, आणि त्याला आज एवढीशी गर्दी ओलांडता आली नाही. मुनाफभाईंना आधी त्याची कीव आली. राग मागून आला.

मग त्यांना स्वतःच बोलावं लागलं.

"तो मी नव्हतो," ते म्हणाले. "मी ते वाचायला नकार दिला होता."

शब्द स्पष्ट होते, भरदार होते, शेवटच्या माणसापर्यंत सहज पोचत होते. आठवडाभर गल्लीतून फिरलेला आवाज जसाच्या तसा. मागे उभा असलेला एक जण तर रिक्षा आली की काय म्हणून रस्त्याकडे बघायला लागला. आपण जितकं बोलू तितके खोटे ठरू, हे मुनाफभाईंच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"आवाज तो तुम्हाराइच है, भाई," इस्माईल हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुकान उघडायचं होतं, ते गेले. बाकीचेही पांगले.

त्यानंतर मुनाफभाईंनी गल्लीत बोलणं सोडलं. चहाला ते पार स्वारगेटच्या मागे जाऊ लागले. तिथे उत्तरेश्वर नावाच्या धाराशिवकडच्या पोरसवदा माणसानं नुकतीच टपरी टाकली होती. त्याला हे कोण, काही ठाऊक नव्हतं. मुनाफभाई नुसतं एक बोट वर करत आणि चहा मिळे. दोन-तीन दिवसांत त्यानं आपल्या मनानं ठरवून टाकलं की काकांना बोलता येत नाही. तेव्हापासून तो हातवारे करून विचारू लागला. साखर कमी का, अशी चिमूट दाखवी. वर एक खारी फुकट ठेवी. मुनाफभाईंनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. त्यासाठी बोलावं लागलं असतं, आणि दिवसभरात आपली कुणी विचारपूस करतंय हे त्यांना हवंहवंसं वाटत होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ते टपरीवर उभे असताना रिक्षा आली. सिग्नलला अडकली. 'त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका,' मुनाफभाईंचा आवाज म्हणाला. मुनाफभाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि चहाच्या सायीकडे बघत राहिले.

उत्तरेश्वर गाळणं हातात धरून ऐकत होता. सिग्नल सुटला, रिक्षा पुढे गेली.

"कसला आवाज हाय बगा, काका," तो म्हणाला. मग ह्यांना कळावं म्हणून त्यानं गळ्याला हात लावला, हात लांब पसरून दाखवला. "देव एकाद्यालाच देतो असा. आन् हा बाबा त्याचं काय करतोय." त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं मुनाफभाईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

"तुमचं बरं हाय. बोलायची भानगडच नाय."

मुनाफभाईंनी मान डोलावली. त्यानं न मागता कपात आणखी थोडा चहा ओतला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.