शाळेच्या वाटेवरची तीन घरं

पांजीचं वजन शाळेच्या पटांगणात, सगळ्यांसमोर, मोठ्याने पुकारलं गेलं. सरकारी दवाखान्यातून आलेल्या नर्सबाईंचा आवाजच असा, की त्या कुजबुजल्या तरी आमच्या सालातिगा गावाच्या बाजारात ऐकू जावं.

"पांजी, चौथी ब, एक्कावन्न किलो!"

रांगेतली पोरं एका सुरात "वाऽऽ!" म्हणाली. पांजीने हसून मान लववली. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

मी कुंपणाबाहेर स्कूटरवर बसून पाहत होते. शाळा सुटेपर्यंत तिथे थांबायची गरज नसते, हे मला माहीत आहे. तरी थांबते.

व्यायामाचे शिक्षक पाक मार्नो, अंगाने बांबूसारखे. आमच्याकडे मानाने पुरुषाला 'पाक' म्हणतात, बाईला 'बू' आणि आजीला 'म्बाह'. त्यांनी जास्त वजनाच्या अकरा पोरांची लाल यादी फळ्यावर लावली आणि पालकांना बोलावून सांगितलं, "दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी उद्यापासून चालत यायचं. मधल्या सुट्टीत दोरीवरच्या उड्या. दर चार आठवड्यांनी वजन. आणि वर्षाअखेरीस मेर्बाबू डोंगराच्या पायथ्याचं शिबिर आहे ना, त्याच्या चढणीवर लाल यादीतलं एकही पोर नेणार नाही. गेल्या वर्षी एकाला आम्ही चौघांनी झोळीत घालून उतरवला. माझी कंबर अजून मला त्याचं नाव सांगते."

शिबिर! पांजी दुसरीत असल्यापासून शिबिराला जायची तयारी करत होता. कुठल्या तंबूत कोण झोपणार, घोरणाऱ्याला कुठे ठेवायचं, हे सगळं त्याने ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळी त्याने मला एकच प्रश्न विचारला, "आई, एक्कावन्नातून किती गेले म्हणजे डोंगर?"

"सहा."

"एवढेच?" तो म्हणाला आणि निवांत झोपला. मी जागीच. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले, त्याचा उपयोग इतकाच झाला की मी फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवला आणि खाली उतरणारी रेघ पेन्सिलीने आधीच काढून ठेवली.

खरं सांगायचं तर पांजीला चालणं नवीनच होतं. तो जन्मला तेव्हा दवाखान्यातून घरीसुद्धा स्कूटरवर आला. शाळा घरापासून सव्वा किलोमीटर, पण चार वर्षं मीच सोडत होते, कारण रस्त्यावर कुत्री असतात, ट्रक असतात, आणि मी आहे. पहिल्या दिवशी मी त्याला दारात उभं करून बजावलं, "कडेने चाल. मोठी माणसं दिसली की वाकून जा. हाक मारली तर ओ दे. मोठ्यांना कधी नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणायचं नाही," तो पाठ केल्यासारखा म्हणाला.

पोरगा पावणेसहालाच निघू लागला. "सकाळची हवा छान असते," म्हणायचा. मला भरून यायचं. न्याहरीला मी एक उकडलेलं अंडं आणि काकडी द्यायचे. तो कुरकुर न करता खायचा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चार आठवड्यांनी पुन्हा काटा. "बावन्न पूर्णांक सहा!"

"बू निंग," पाक मार्नो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला दोष देत नाहीये हं."

आमच्याकडे याहून मोठा दोष देता येत नाही. मी मान खाली घालून घरी आले.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्या घराण्यात हाडंच जड."

"हाडं महिन्यात दीड किलो वाढत नाहीत!"

"आमच्या काकांची वाढली होती."

दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट घातलं, तोंडाला मास्क लावला आणि पांजीच्या मागे पन्नास पावलांवरून पायी निघाले. हेल्मेट घालून चालणारी बाई जास्त नजरेत भरते, हे मला वाटेत कळलं.

पहिलं घर म्बाह कार्सींचं. पंचाहत्तरीच्या आजी ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. पांजी वाकला. आजी म्हणाल्या, "या ना, पांजी!"

आता हे "या ना" आमच्या गल्लीत कुणीही कुणालाही म्हणतं. ऐकणाऱ्याने "हो, येतो पुन्हा" म्हणायचं, जरा वाकायचं आणि पुढे व्हायचं. आत कुणी जात नाही. मी स्वतः रोज दहा जणांना म्हणते. त्यातला एक जरी खरंच आला तर मला घाईघाईने भात लावावा लागेल. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. आईचं बोट धरून गल्लीतून चालणारं पोर आपोआप शिकतं. आणि माझं पोर आयुष्यभर माझ्या पाठीमागे बसून ताशी तीसच्या वेगाने ही घरं ओलांडत आलेलं.

पांजीने बूट काढले आणि आत गेला.

दहा मिनिटांनी ओठ पुसत बाहेर आला. दुसरं घर पाक हार्जोंचं. ते पोस्टमन होते, आता निवृत्त. ओसरीवरून त्यांनी आत हाक दिली, "अगं, आला! तेल तापलं का?"

"केळी कापतेय ना! त्याला बसव, बोलत ठेव!"

तिथे पंधरा मिनिटं. तिसरं घर बू लास्त्रींचं. त्यांच्या ओसरीवरच्या खुर्च्या गायब होत्या, दार बंद, पडदा ओढलेला. म्हणजे या बाईला सुटका हवी होती. पण पांजी फाटकापाशी उभा राहून गोड आवाजात म्हणाला, "आहे का कुणी घरात?"

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मग अगदी थकलेला आवाज, "या ना, बाळा."

तो बाहेर आला तेव्हा मी फाटकात कंबरेवर हात ठेवून उभी.

"आई? हेल्मेट कशाला?"

"काय खाल्लंस?"

"म्बाहकडे चिकटभात. पाक हार्जोंकडे तळलेली केळी. इथे सोतो सूप, पण आज अर्धाच वाडगा. बू लास्त्रींचं जरा लक्ष नव्हतं."

"अरे, रोज?"

"रोज बोलावतात. तूच म्हणालीस, मोठ्यांना नाही म्हणायचं नाही."

"ते नुसतं म्हणायला म्हणतात रे! खरं नसतं ते!"

पांजी विचारात पडला. "मग म्बाह कार्सी खोटं बोलतात?"

"नाही! खोटं कसं असेल?"

"म्हणजे खरं बोलतात."

सात वाजायला आठ मिनिटं होती. मी त्याला पळवलं. चार वर्षांच्या कॉलेजात मला या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

त्या दुपारी मी तिन्ही घरी गेले. सरळ कसं सांगणार, की माझ्या पोराला खायला घालू नका? म्हणून मी म्हणाले, "पांजीचा तुम्हाला फार त्रास होतो."

म्बाह कार्सी म्हणाल्या, "छे गं, त्रास कसला? तूही बस ना."

"नाही, म्हणजे तो सकाळी सकाळी..."

"बस गं निंग. उभ्याने काय बोलायचं?" मला चिकटभात खावा लागला. पाक हार्जोंकडे केळी. बू लास्त्रींकडे तर त्यांचा चेहरा इतका पडलेला दिसला, की मी माफी मागायची म्हणून सोतोचा वाडगा संपवला. तिघांनाही वाटलं, आई स्वतः येऊन गेली, म्हणजे पाहुणचारात काही उणं राहिलं असणार. दुसऱ्या सकाळी म्बाह कार्सींनी चिकटभातासोबत अंडंही ठेवलं, आणि पाक हार्जोंनी केळ्यांना फणसाची जोड दिली.

मग मी पांजीला वाक्य शिकवलं. आरशासमोर उभं करून. "हो, येतो पुन्हा. म्हण. आणि पाय थांबवू नकोस."

"हो, येतो पुन्हा," पांजी म्हणाला. "पण कधी येतो, ते विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही!"

म्बाह कार्सींनी विचारलं. त्या फाटकापर्यंत आल्या. "पुन्हा म्हणजे कधी? रागावलास का माझ्यावर? भात कच्चा होता का काल?"

मी मागे झाडाआड होते, या वेळी हेल्मेट न घालता. पांजी रस्त्याच्या मधोमध घामाघूम उभा. मग त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "म्बाह, मला उशीर होतोय. तुम्हीच या ना!"

"कुठे?"

"शाळेपर्यंत."

त्याने नुसतं म्हणायला म्हटलं होतं, मी शिकवलं होतं तसं. पण म्हाताऱ्या बाईला शेवटचं कुणी कुठे बोलावलं होतं, देव जाणे. त्यांनी सोललेल्या शेंगा तशाच टाकल्या आणि चपला शोधू लागल्या.

शेजारीण निघालेली पाहून पाक हार्जोंना राहवेना. "या ना," असं त्यांना कुणी म्हणालंही नव्हतं, तरी ते आले. तीन दिवसांनी बू लास्त्रीही आल्या. आता ओसरीवर कुणी उरलंच नाही, तर तळणार कोण? पांजीचं वाटेतलं खाणं आपोआप बंद झालं.

मला वाटलं, म्हाताऱ्यांबरोबर रमतगमत चालेल, त्याने काय होणार? पण चौतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाबरोबर मी कधी चालले नव्हते. पाक हार्जोंना सरळ रस्ता मंजूरच नव्हता. "ही काय वाट आहे? टपालाची वाट वरून जाते," म्हणत ते टेकडीवरच्या आळीतून, पाण्याच्या टाकीवरून फिरवून शाळेत न्यायचे. सव्वा किलोमीटरचे तीन झाले, निम्मे चढाचे. पांजी त्यांच्या मागे धावायचा. म्बाह कार्सी खालूनच दोघांना शिव्या घालत सरळ रस्त्याने यायच्या आणि सगळ्यांच्या आधी पोचायच्या.

पुन्हा चार आठवडे भरले, शेवटचं वजन आलं. मी फ्रिजवरच्या रेघेकडे बघून आले होते. नर्सबाईंनी काट्याकडे दोनदा पाहिलं.

"बावन्न पूर्णांक एक!"

म्हणजे इतक्या आठवड्यांत अर्धा किलो. या वेळी पांजी हसला नाही. तो काट्यावरून उतरला आणि बूट घालायला जास्तच वेळ लावू लागला.

पाक मार्नो माझ्याजवळ आले. "बू निंग, मेहनत दिसतेय हं. पण यादी ती यादी. पुढच्या वर्षी बघू."

"नाही," मी म्हणाले.

कुंपणापलीकडे बू लास्त्रींनी तोंडावर हात ठेवला. आमच्याकडे माणूस आयुष्यभर "हो, पण", "बघू या", "जमलं तर" म्हणतो. हा शब्द माझ्या तोंडून निघाला, तेव्हा मलाच मागे वळून पाहावंसं वाटलं, कोण बोललं.

"नाही?" पाक मार्नो म्हणाले.

"नाही. तुम्हाला डोंगरावर पोर उचलावं लागू नये, एवढंच ना? मग त्याला काट्यावर चढवून काय बघता? पळवून बघा. टाकीपर्यंत. तुम्ही बरोबर पळा."

पाक मार्नो इतके गांगरले, की त्यांनी शिटी तोंडात घातली आणि निघाले.

टाकीचा चढ पटांगणातून जवळजवळ पूर्ण दिसतो. सुरुवातीला पाक मार्नो पुढे होते. वळणावर दोघे बरोबर दिसले. मग झाडी आली. झाडीतून आधी पांजी बाहेर पडला, लाल चड्डी, डुलत, मागे मान वळवून काहीतरी सांगत. बऱ्याच वेळाने पाक मार्नो आले. त्यांना शिटी वाजवायची होती, पण फुंकायला दम नव्हता.

परत आल्यावर ते पायरीवर बसले. "तो वर पोचेपर्यंत बोलत होता," ते म्हणाले. "तंबूत कोण कुठे झोपणार, ते सांगत होता. चढावर! बोलत!"

"मग?"

"येऊ दे त्याला. पण यादीतलं पोर आहे, पालक बरोबर हवा. सही करा."

मी सही केली. पालक म्हणजे कोण, हे सही केल्यावर लक्षात आलं. नवऱ्याने लगेच आपल्या जड हाडांची सबब पुढे केली.

शिबिराच्या दिवशी पहाटे धुकं होतं. चौथीची रांग कोबीच्या वाफ्यांमधून वर सरकत होती. मी पांजीच्या मागेच राहायचं ठरवलं होतं. पिशवीत मलम, पट्ट्या, साखरपाणी, जादा मोजे, सगळं होतं. पहिल्या चढाला मी त्याच्या मागे दहा पावलं होते. दुसऱ्याला चाळीस. तिसऱ्या वळणावर माझ्या कानात माझंच हृदय वाजायला लागलं, आणि मी एका दगडावर बसले.

पांजी थांबला, वरून ओरडला, "आई, काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढे."

"खरं सांगतेस, की नुसतं म्हणायला?"

मी हात हलवून 'जा' केलं. त्याने क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं, मी त्याच्याकडे पाहते तसं. मग वळला आणि चढू लागला. मी नजर हटवली नाही. झाडांत दिसेनासा होईपर्यंत तो एकदाच थांबला, बुटाची नाडी बांधायला.